वीस अंश

रबाळ्याच्या शेडमध्ये मे महिन्यात
पत्र्याखाली बेचाळीस.
तपासणीच्या काचेच्या खोलीत मात्र बाराही महिने वीस,
माणसांसाठी नव्हे, पोलादासाठी.
जेवणानंतर जो तो काहीतरी विचारायला यायचा तिथे.
घरतकाका मान वर न करता म्हणायचे,
"गारवा खा, पण प्लेटवर हात टेकू नका."

काळ्या ग्रॅनाइटची ती प्लेट
इतकी सपाट, की तिच्यावर धुळीचा कण म्हणजे डोंगर.

मी दिघ्याहून यायचे, आयटीआयची ताजी,
मायक्रोमीटर नळासारखा आवळायचे.
"गळा धरू नकोस त्याचा.
रॅचेटला तीनदा बोलू दे. मग वाच.
आपल्या बोटांना वाटतं ते माप नव्हे."

त्या दिवशी ग्राइंडरवरून इद्रीसने पिना आणल्या,
बारा मिलीच्या, चाळीस,
तेलाने न्हालेल्या,
उकडलेल्या शेंगांसारख्या ऊन ऊन.
सुयांना टोप्या घालणारं कुठलंसं यंत्र,
त्याच्या फिरत्या तबकडीखाली बसायच्या होत्या.
टेम्पो दारात. शेठ दोनदा घड्याळ दाखवून गेले.
मी मोजल्या: चाळीसच्या चाळीस पास.
काठावर, पण पास.

काकांनी त्यातली एक गालाला लावली,
पोराचा ताप बघावा तशी.
"अजून अंगात ऊन आहे हिच्या.
रात्रभर निजू देत प्लेटवर.
सकाळी खरं बोलतील."

टेम्पो रिकामा गेला.
ड्रायव्हरच्या शिव्या काचेपलीकडे
नुसत्याच ओठांवर दिसल्या.

संध्याकाळी मशीनं थांबली
तेव्हा काकांनी एक कोरा रिपोर्ट पालथा केला माझ्यापुढे.
"गणित घाल.
लोखंडी साखळी, वीस अंशाला खरी.
मोजणी चाळीसला.
शेत एक एकर. किती फरक पडेल?"

कुठलं शेत, मी विचारलं.
त्यांनी टाचेने फरशी ठोकली.
"हेच. भाताचं.
मोजणीदार आला तेव्हा मी सात वर्षांचा.
साखळीचं टोक बांधावर धरायला मलाच दिलेलं,
चटका बसला म्हणून आईने फडकं गुंडाळलं हाताला.
पुढे बाबांनी कागदावर अंगठा उठवला.
साखळी तपासलीय का, असं विचारायचं असतं
हे आमच्याकडे कुणाला ठाऊक?"

तापलेली साखळी लांबते.
लांबलेल्या साखळीत जमीन कमी भरते.
मी तीनदा आकडेमोड केली.
एक पॉइंट शहाऐंशी चौरस मीटर.

"म्हणजे दोनच की," मी म्हणाले.

"शहाऐंशीचे शंभर करू नकोस."
असं म्हणून ते खडू घेऊन उठले,
गुडघे मोडत खाली बसले,
ग्राइंडर आणि लेथच्या मधल्या वाटेवर
स्टीलची पट्टी लावून चौकट आखली:
रुंदी एक मीटर, लांबी एक पॉइंट शहाऐंशी.
बराच वेळ बघत राहिले.
"बाबा पाच फूट चार इंच.
मावले असते."

मग हात धुतले, डबा उचलला,
आणि खोलीचा एसी चालू आहे ना
ते दोनदा तपासून गेले.

सकाळी तेहतीस पिना खऱ्या निघाल्या.
सहा रात्रीतून आक्रसलेल्या,
मर्यादेच्या खाली, दोन-अडीच मायक्रॉनने.
त्या लाल ट्रेमध्ये गेल्या, एकामागून एक.
शेठ काही बोलले नाहीत, नुसताच ट्रे हलवून बघितला,
जणू आवाजावरून कळणार होतं.

शेवटची एक काकांच्या हातात होती
तेव्हा इद्रीस आला,
खडूच्या चौकटीवर पाय न देता,
लेथच्या मागून वळसा घालून.
"इथं नवीन मशीन बसणार का, काका?"

काका मायक्रोमीटरकडे बघत होते.
कट्. कट्.
कट्.